मार्चएंडची गाडी आणि भाद्रपदातली पांदण

२९ जुलै २०१७ रोजी ब्रह्मपुरीहून आणलेली वाघीण बोर व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आली. ती तिथे टिकली नाही. पुढचे अडीच महिने ती वर्धा, अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांच्या शिवारांतून पाचशे किलोमीटरांहून जास्त चालली. तिने माणसे मारली, तिला ठार करण्याचा आदेश निघाला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर कारंजा तालुक्यातल्या सिंदी विहिरी इथे कुंपणाच्या तारेत सोडलेल्या करंटने ती मेली. गळ्यात कॉलर होती, तरी बेशुद्धीचे इंजेक्शन आणि बंदूक दोन्ही तिच्यापर्यंत वेळेवर पोचली नाहीत. या प्रकरणातला आदेश, न्यायालय, कॉलर, नेमबाज या सगळ्यांची भरपूर चर्चा झाली. ऐन पावसाळ्यात आर्वी-आष्टी-कारंज्याच्या वावरांतून ही माणसे जाणार तरी कशातून, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. या अंकाचे संपादकीय त्या एका प्रश्नासाठी आहे.

शिकारीची गाडी म्हटले की अजूनही काहींच्या डोळ्यांसमोर काच खाली पाडलेली विलीज जीप आणि बॉनेटवर टाकलेले जनावर येते. ते प्रकरण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटले. आज रानात कायदेशीरपणे जनावराच्या मागे गाडी घालणारे तीनच प्रकारचे लोक उरले: वनखात्याचे शीघ्र प्रतिसाद दल (आरआरटी), गस्तीवरचे वनरक्षक, आणि रानडुक्कर किंवा रोही पिकात पडतो म्हणून कलम ११ खाली लेखी परवानगी घेतलेले परवानाधारक. आमचे बहुतेक वाचक पहिल्या दोन प्रकारांत मोडतात. तिसऱ्यांविषयी पुढे दोन शब्द येतीलच.

सरकारी गाड्यांची खरेदी होते मार्चएंडला. निधी परत जाऊ नये म्हणून फेब्रुवारीत जेम पोर्टलवर धावपळ सुरू होते, गाडी येते, नारळ फुटतो, फोटो निघतो. त्या दिवसांत वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या आसपासची काळी जमीन कशी असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. भेगा पडलेली, दगडासारखी टणक. त्या जमिनीवर कुठलीही गाडी चालते. रेनॉल्ट क्विडसुद्धा चालेल. मग मृग बरसतो, आणि जुलैअखेर पहिल्या कॉलला गाडी पांदणीच्या तोंडाशी आडवी होते.

आपली जमीन नेमकी काय करते ते नीट पाहिले पाहिजे. पाहून घेतलेली गाडी आणि जाहिरातीवरून घेतलेली गाडी यांत फरक इथेच पडतो. कपाशीच्या काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. जाहिरातीत दिसतो तो पातळ, उडणारा चिखल. आपल्याकडचा चिखल उडत नाही, चढतो. टायरच्या नक्षीत भरतो आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. मग तो चाक आणि मडगार्डच्या मधल्या जागेत थरावर थर बसतो, आणि शेवटी चाकच फिरेनासे होते. इंजिनात शंभर घोडे असोत की दीडशे, अडकलेल्या चाकाला त्याचे काही नसते. पावसाळ्यात आपल्याकडचे शेतकरी मोटारसायकलचे पुढचे मडगार्ड काढून घरी ठेवतात. गाडीच्या निवडीचे पहिले सूत्र त्यांनी कधीच सांगून ठेवले आहे: चाक आणि पत्रा यांच्यामध्ये मूठ मोकळी फिरली पाहिजे. शोरूममध्ये आधी तिथे हात घालून पाहा, मग टचस्क्रीनकडे वळा.

दुसरी गोष्ट वजनाची. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी विदर्भाच्या जंगलांत तीस वर्षे का टिकली? तिच्यात ताकद फार होती असे नाही. पुढे आलेले १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन जेमतेम ८० अश्वशक्तीचे होते. पण सॉफ्टटॉप जिप्सीचे वजन हजार किलोच्या आत होते. फसली तर चार माणसे खांद्याने उचलून काढत. पुढे-मागे पाटे, दोन्ही अ‍ॅक्सल सलग, फोर-लोचा साधा दांडा, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी खोलून बसवणारा मिस्त्री. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या जागी २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिमनी बाराशे किलोच्या आसपास आहे. सांगाडा, सलग अ‍ॅक्सल आणि फोर-लो तिच्यातही आहेत. थार पावणेदोन टनांच्या घरात जाते. थार वाईट गाडी नाही. मुरमाच्या टेकडीवर, नाल्याच्या दगडांत ती जिमनीला मागे टाकेल. गुरखा गाडीला पुढचे-मागचे दोन्ही डिफरन्शियल हाताने लॉक करता येतात, ही मोठीच सोय आहे. पण मेळघाटच्या घाटासाठी जे चांगले, ते देवळी-आर्वीच्या रेगडीतही चांगले ठरेल असे नाही. ओल्या रेगडीत जड गाडी लॉकसकट खाली बसते.

आता डिझेलविषयी, कारण या बाबतीत आमचे मत बऱ्याच वाचकांना आवडणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आली. ती जाळी स्वतःला साफ करण्यासाठी काजळी जाळते, आणि त्यासाठी गाडी बराच वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. गस्तीची गाडी दिवसभर दहा-पंधराच्या वेगाने रांगते, पाणवठ्यावर इंजिन चालू ठेवून उभी राहते. जाळी तुंबते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, चालक त्यावर चिकटपट्टी लावतो, आणि एके दिवशी गाडी ताकद टाकून देते. ती सुरू करायला मग लॅपटॉपवाला माणूस मोठ्या शहरातून यावा लागतो. यात दुसरा धोका आगीचा. जाळी साफ होताना सायलेन्सर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तापतो. जानेवारी ते मे या काळात अशी गाडी कमरेएवढ्या वाळक्या गवतात किंवा वाळल्या पऱ्हाटीत उभी केली, तर वणवा लावायला काडी लागत नाही. ज्यांचे अर्धे वर्ष फायरलाइन जाळण्यात जाते, त्यांनीच अशी गाडी गवतात घालावी हे नवलच! म्हणून गस्त आणि मागोवा पेट्रोलवर, आणि पिंजरा ओढायला डिझेलची बोलेरो कॅम्पर किंवा पिकअप, अशी विभागणी आम्ही सुचवतो. एकाच गाडीकडून दोन्ही कामे करून घ्यायला गेले की दोन्ही बिघडतात.

चार चाकांच्या त्या उघड्या बाइक, ज्यांना परदेशात शिकारी लोक एटीव्ही म्हणतात, त्यांचे व्हिडिओ वाचक आम्हाला पाठवत असतात. त्या हलक्या असतात, मऊ फुग्यासारख्या टायरवर चिखलात तरंगतात, हे खरे. पण एखादा अपवाद वगळता आपल्याकडे त्यांची रस्त्यावरच्या वापरासाठी नोंदणी होत नाही, म्हणजे पुलगावहून घटनास्थळी न्यायलाही दुसरी गाडी हवी. शिवाय वाघ किंवा अस्वल समोर असताना चालकाच्या चहूबाजूंनी उघडे असणे कुठल्याही वनक्षेत्रपालाने मान्य करू नये. शेतीवाडीवरच्या फेऱ्यांसाठी ज्याला हौस आणि पैसा आहे त्याने घ्यावी.

इंजेक्शनच्या बंदुकीने नेम धरणाऱ्याची बाजूही विचारात घ्या. बेशुद्धीचा बाण तीस-चाळीस मीटरपलीकडे फारसा भरवशाचा राहत नाही. तेवढ्या अंतरावर गाडी शांतपणे न्यायची, इंजिन बंद करायचे, आणि नेम चुकला तर पहिल्या सेल्फला ती चालू झाली पाहिजे. म्हणून बॅटरी दरवर्षी बदला. तिथे काटकसर नको. छत कापून उघडी गाडी करायची असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी घेऊन करा. गावातल्या गॅरेजमध्ये ग्राइंडर लावून कापलेले छत अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवे येते.

विंच बसवणाऱ्यांना एक साधा प्रश्न: हूक अडकवणार कशाला? कपाशीच्या वावरात झाड नसते. धुऱ्यावर बाभूळ असली तर नशीब, पण ती दोरीच्या टप्प्यात असेलच असे नाही. फावडे आणि जादा स्टेपनी सोबत ठेवा. खड्ड्यात पुरलेल्या स्टेपनीला दोर बांधून हलकी गाडी निघते. टायरची हवा अठरा पाउंडांपर्यंत उतरवली की पकड वाढते, पण परत भरायला कॉम्प्रेसर हवा, आणि कमी हवेवर कापलेल्या पऱ्हाटीची खुंटे टायरच्या बगलेत घुसतात, हे विसरू नका. बगलेचे पंक्चर रस्त्याच्या कडेला निघत नाही. आणि एक खुरपे. चाकातला चिखल काढायला त्यासारखे दुसरे हत्यार नाही.

रात्री पिकात गाडी घालण्याआधी आम्ही म्हणू, महावितरणच्या लाइनमनला फोन करा आणि त्या फीडरचा पुरवठा बंद करून घ्या. सिंदी विहिरीत वाघीण ज्या करंटने मेली, तसाच करंट उद्या गाडीतून उतरणाऱ्या वनरक्षकाच्या पायाखाली असू शकतो. डुकरांसाठी बांधलेली बारीक तार हेडलाइटमध्ये दिसत नाही.

परवानाधारक बंदूकवाल्यांसाठी म्हटलेले दोन शब्द असे. रानडुक्कर आणि रोही वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहेत, आणि पिकाच्या नुकसानीसाठी त्यांना मारण्याची परवानगी लेखी आणि कारणासहितच असावी लागते. ती नसताना गाडीत बंदूक आणि जनावर सापडले, तर त्याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे जप्त गाडी सरकारजमा होऊ शकते. शिकारीसाठी गाडी निवडायच्या गप्पा परवानगीचा मूळ कागद डॅशबोर्डमध्ये असेल तरच मारा.

प्रश्न आत्ताच का काढला, तर १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नूतनीकरण होत नाही. देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी लागणाऱ्या खास गाड्यांना यातून सूट आहे. वनखात्याची गस्तीची गाडी त्यात बसत नाही. म्हणजे जुन्या जिप्सी भंगारात चालल्या आहेत आणि त्यांच्या जागी काहीतरी घेतले जाणारच आहे. पुढची पंधरा वर्षे आपण ज्यात बसणार, ते आता ठरते आहे. समृद्धी महामार्गामुळे नागपूरचे पथक विरूळच्या फाट्यापर्यंत झपाट्याने पोचते. तिथून वाघाच्या पाऊलखुणांपर्यंतची शेवटची दोन किलोमीटरची पांदण मात्र अजून तशीच आहे.

आमची मागणी छोटी आहे. खरेदी मार्चमध्ये करा, पण चाचणी त्याआधीच्या पावसाळ्यात घ्या. डीलरला डेमो गाडी घेऊन पुलगावला बोलवा आणि पोळ्याच्या आठवड्यात, सलग तीन दिवस पाऊस झालेल्या शिवारात, चार माणसे आणि पिंजऱ्याएवढे वजन घालून ती चालवायला सांगा. चालवायला आपलाच चालक बसवा, डीलरचा नको. चालकाचे मत लेखी घ्या आणि खरेदीच्या फाइलला जोडा. पंधरा वर्षे स्टिअरिंग त्याच्या हातात राहणार आहे, सही करणारे साहेब तीन वर्षांत बदलून जातील. ज्या वनपरिक्षेत्रांत जिमनी, थार, गुरखा किंवा कॅम्पर वापरात आहे, तिथल्या चालकांनी या पावसाळ्यात गाडी कुठे फसली, कशी निघाली आणि कोणता भाग किती दिवसांत मिळाला, याची नोंद आम्हाला पाठवावी. दिवाळीनंतरच्या अंकात या नोंदी जशाच्या तशा छापू.