रूपकुंडची वाट कुणी बंद केली?

आपल्या गावातनंही आता पोरं हिमालयात ट्रेकला जातात. कौतुकच आहे. पण रूपकुंडचा ट्रेक बंद का पडला, हे विचारलंय कुणी? सुमारे ५,००० मीटरवरचं हिमनदीचं तळं. काठावर शेकडो वर्षांपूर्वीचे मानवी सांगाडे. त्यातली हाडंसुद्धा लोकांनी आठवण म्हणून पळवली! (कसली ही आठवण?) वाटेत बेदनी बुग्याल, म्हणजे उंचावरचं कुरण, तिथं तंबूंची गर्दी. शेवटी २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टानं बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. मुक्काम नाही तर ट्रेक कसला? आपण दुसरं तळं शोधलं. वाण गावातल्या खेचरवाल्यानं काय शोधायचं? पुढच्या बुकिंगला पैसे भरण्याआधी विचारा, कचरा खाली कोण आणतं?