पाळणाघरातील मे महिन्याचा खाडा

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की सीवूड्समधील घरगुती पाळणाघरांच्या दारांत एक वाद दबक्या आवाजात सुरू होतो. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास लोकलमधून उतरलेली आई मुलाला घ्यायला येते आणि चपला न काढताच विचारते, ‘काकू, मे महिन्यात बाळ आजीकडे जाणार आहे. त्या महिन्याचे पैसे द्यायचे का हो?’ काकू लगेच उत्तर देत नाहीत. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ एवढेच म्हणतात. योग्य काय, हे कोणीच ठरवलेले नसल्यामुळे बहुधा निम्मे पैसे दिले जातात, कधी काहीच दिले जात नाही, आणि दोघींच्या मनात जूनपर्यंत अढी राहते. हा वाद दोन स्त्रियांच्या घासाघिशीचा समजून सोडून दिला जातो. वस्तुतः तो श्रमाच्या मोबदल्याचा प्रश्न आहे.

करावे आणि दारावे या जुन्या गावांच्या जमिनींवर सिडकोच्या नियोजनाने हे उपनगर उभे राहिले. येथील असंख्य कुटुंबांत आईवडील दोघेही नोकरी करतात. मुंबईतले कार्यालय गाठायला हार्बर मार्गावर तास-सव्वा तास लागतो. म्हणजे आठ-नऊ तासांच्या नोकरीसाठी मूल अकरा-बारा तास कोणाच्या तरी स्वाधीन करावे लागते. आजी-आजोबा कोकणात किंवा घाटावर. तेव्हा शेजारच्या इमारतीतील एखाद्या बाईंची बाहेरची खोली हाच आधार ठरतो. दारावर पाटी नसते, पावती नसते, लेखी करार तर नसतोच. विश्वास मात्र एवढा असतो की घराची किल्लीही तिथेच ठेवली जाते.

मे महिन्याच्या हिशेबात ‘खाडा’ हा शब्द सहज वापरला जातो. हा शब्द खाणावळीच्या वहीतला आहे. खाणावळीत माणूस जेवायला आला नाही तर त्याच्या वाट्याचे पीठ-तांदूळ वाचते, म्हणून खाडा वजा करण्यात न्याय आहे. पाळणाघरात मूल आले नाही तर वाचते ते वाटीभर खिमट आणि पेलाभर दूध. खोलीचे भाडे तेवढेच राहते, मदतनीस मुलीचा पगार तेवढाच राहतो. दहा मुलांकडे लक्ष देणारी बाई सहा मुले आली म्हणून आपले चाळीस टक्के लक्ष आवरून घेऊ शकत नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, दहा मुले आहेत आणि प्रत्येकाचे महिन्याला ६,००० रुपये येतात. एकूण ६०,०००. त्यातून खोलीचे भाडे २५,०००, मदतनिसाचे १२,००० आणि दूध, खाऊ, वीज यांचे ८,००० गेले की बाईंच्या हाती १५,००० उरतात. मे महिन्यात चार मुलांचा खाडा पडला तर जमा ३६,००० होते; खर्च फार तर दोन हजारांनी उतरून ४३,००० राहतो. म्हणजे चार कुटुंबांनी आपले पैसे ‘वाचवले’ की बाईंचे त्या महिन्याचे संपूर्ण उत्पन्न जाते आणि वर ७,००० रुपये पदरचे घालावे लागतात. सुट्टीत शाळकरी मुले दिवसभरासाठी येतात, त्यांच्याकडून तूट भरून काढावी, असे सुचवले जाते. पण नऊ वर्षांच्या मुलाला आणि नऊ महिन्यांच्या बाळाला एकाच खोलीत सांभाळणे हे निराळेच काम आहे. शिवाय ही मुले येतीलच, याची हमी कोणी दिलेली असते?

जूनमध्ये परत येणाऱ्या मुलाची जागा रिकामी राहिली पाहिजे, अशी मात्र प्रत्येकाची अपेक्षा असते. काम नसलेल्या काळात सज्ज राहण्यालाही मोल असते, हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. गाळप हंगाम संपल्यावर घरी बसणाऱ्या साखर कारखान्यांतील हंगामी कामगारांसाठी ‘रिटेन्शन अलाउन्स’ची मागणी झाली आणि ती मान्य करून घेण्यात आली. पुढल्या हंगामात हाच हात कारखान्याला हवा असेल तर मधल्या महिन्यांत त्या हाताने उपाशी राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. जागा राखून ठेवणाऱ्या पाळणाघराच्या बाईंचा दावा याहून वेगळा नाही.

मे महिन्यात ज्यांना पाळणाघराची गरज सर्वात कमी भासते, त्यांत शिक्षक आले. कायम नोकरीतील शिक्षिकेला मे महिन्याचा पूर्ण पगार मिळतो. तो कोणाच्या मेहेरबानीने मिळत नाही. शिक्षक संघटनांनी आपले हक्क झगडून राखले म्हणून मिळतो. त्याच पगारातून स्वतःच्या मुलाला बाराही महिने सांभाळण्याची हमी देणाऱ्या बाईंना मात्र ‘काम नाही तर दाम नाही’ असे सुनवावे, यात मोठी विसंगती आहे. कार्यकर्त्यांच्या घरांतही ही विसंगती सापडेल, आणि तिच्याकडे डोळेझाक करू नये.

परंतु त्याच इमारतीत दुसरी एक शिक्षिका राहत असते. ती महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तिला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. तास नाही त्या महिन्यात मोबदलाही नाही. मे महिना तिच्याही संसारात खाड्याचाच आहे. दुकानात, दवाखान्यात, कंत्राटी कार्यालयात बिनपगारी रजा घेऊन गावी जाणाऱ्या आईची गोष्ट हीच. या स्त्रिया पूर्ण पैसे देण्यास कचरतात तेव्हा त्यांना कंजूष म्हणणे अन्यायाचे होईल. सरसकट ‘मे महिन्याचे पूर्ण पैसे द्या’ हा नियम म्हणूनच पुरेसा नाही. ज्यांना भरपगारी रजा आहे त्यांनी पूर्ण पैसे द्यावेत, यात वाद नसावा. ज्यांचा स्वतःचाच पगार कापला जातो, त्यांचा वाटा कोणी उचलावा, हा खरा प्रश्न आहे.

तो वाटा ज्यांच्याकडे मागायचा ते या भांडणाच्या वेळी दारात उभे नसतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने मालकावर पाळणाघराची जबाबदारी टाकली. १९७६ च्या दुरुस्तीने ३० हून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांना ती लागू झाली. स्त्रियांची संख्या त्या मर्यादेच्या आत राखण्याची मालकांची युक्ती कामगार कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहे. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी पाळणाघर सक्तीचे झाले, आणि तीच मर्यादा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली. छोटी दुकाने, दवाखाने, शिकवण्या या मर्यादेखाली राहतात. आणि मोठ्या कार्यालयाने पाळणाघर काढले तरी सीवूड्सच्या आईला त्याचा उपयोग काय? सकाळी सव्वाआठच्या लोकलमध्ये जिथे तिला स्वतःला नीट उभे राहता येत नाही, तिथे कडेवरचे मूल घेऊन ती मुंबईला जाईल, अशी कल्पना कायदा करणाऱ्यांनाच सुचू शकते. पाळणाघर मुलाच्या घराजवळच हवे. मालकाने त्याचा खर्च रोख द्यावा, ही मागणी म्हणूनच अधिक व्यवहार्य आहे.

सरकारी बाजूला १९७५ साली अंगणवाडीची योजना आली. परंतु तिची वेळ काही तासांची, नोकरी करणाऱ्या आईच्या दिवसाची नव्हे. २०२२ पासून ‘पालना’ या नावाने अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याचे धोरण आहे. सीवूड्सच्या बाहेरच्या खोलीत दहा मुले सांभाळणाऱ्या बाई या साऱ्याच्या बाहेर आहेत. २००८ च्या घरेलू कामगार कायद्यापुढे दुसऱ्याच्या घरी जाऊन राबणारी स्त्री होती. या बाई स्वतःच्या घरात दुसऱ्यांची मुले सांभाळतात. ई-श्रमवर नोंद करता येईल, पण नोंदणीने मे महिन्याचे भाडे भरले जात नाही.

हा गुंता सोडवता येतो, याचे उदाहरण फ्रान्समध्ये आहे. तेथे घरी मुले सांभाळणाऱ्या स्त्रीला शासकीय मान्यता घ्यावी लागते आणि पालक कायद्याने तिचे मालक ठरतात. मूल वर्षातून किती आठवडे येणार, हे करारातच लिहिले जाते. त्या आठवड्यांचे वेतन बाराने भागून दरमहा सारखी रक्कम दिली जाते. सुट्टीत मूल आले नाही तरी त्या महिन्याचे पैसे चुकत नाहीत, आणि कमी आठवडे लागणाऱ्या कुटुंबाला वर्षभराचा आकडाच कमी पडतो. तिला भरपगारी रजाही मिळते. पालकांच्या खर्चाचा काही भाग शासनाच्या कुटुंब निधीतून भरला जातो. आईची गरज आणि सांभाळणारीची भाकर यांचा मेळ तेथे हिशेबाच्या पद्धतीने घातला आहे.

फ्रेंच कायद्याची वाट न पाहताही काही करता येण्याजोगे आहे. गिरणगावात घरोघरी खाणावळी चालवणाऱ्या, विखुरलेल्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. त्याआधी ‘घरात चार डबे जास्त रांधणाऱ्या बायका’ हीच त्यांची ओळख होती. अहमदाबादेत ‘सेवा’ने मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांची ‘संगिनी’ ही सहकारी संस्था उभी केली. सीवूड्समध्ये पाळणाघर चालवणाऱ्या स्त्रिया मात्र एकमेकींना प्रतिस्पर्धी म्हणूनच ओळखतात, आणि एकीने मे महिन्याचे पैसे मागितले की पालक दुसरीचे दार ठोठावतात. त्यांनी एका सेक्टरात जरी एकत्र बसून समान अटी ठरवल्या, वर्षाच्या रकमेचे बारा सारखे हप्ते पाडले, पगार कापला जाणाऱ्या आईसाठी सवलतीचा हप्ता ठेवला, तर निम्मा वाद तिथेच मिटेल. सवलतीची तूट त्यांनी आपल्या उत्पन्नातून का सोसावी? ती महानगरपालिकेने भरून द्यावी, असे निवेदन पालक आणि पाळणाघरवाल्या दोघींच्या सह्यांनी गेले पाहिजे.

ही बोलणी एप्रिलमध्ये करून उपयोग नाही. तेव्हा आईचे तिकीट काढलेले असते आणि बाईंचे घरभाडे तोंडावर असते. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, नवी मुले येतात, दोन्ही बाजूंना एकमेकींची गरज असते. अटी लिहून घ्यायच्या त्या त्याच पंधरवड्यात.