फोटो काढणे आणि डाग काढणे

छायाचित्रणाच्या क्रियेला आपल्या भाषांनी निरनिराळी क्रियापदे दिली आहेत. हिंदीभाषक फोटो 'खींचतो', गुजराती 'पाडतो', बंगाली माणूस फूल खुडावे तशी छबी 'तोलतो'. मराठी माणूस मात्र फोटो 'काढतो'. चित्र, विहिरीचे पाणी आणि दूरच्या माणसाची आठवण आपण ज्या क्रियापदाने काढतो, त्याच क्रियापदाने फोटोही काढतो. दृष्टीआड असलेले दृष्टीसमोर आणणे हा या प्रयोगांतील समान भाव म्हणता येईल. परंतु या क्रियापदाला दुसरीही बाजू आहे : तण काढणे, डाग काढणे. घरच्या माणसांची छायाचित्रे काढणाऱ्या हौशी मंडळींच्या हातून आज या दोन अर्थांची गल्लत होत आहे, आणि त्या गल्लतीचा एक अपराधी मी स्वतः आहे.

काही वर्षांपूर्वी सुटीत गावी गेलो असता, ओसरीवर धान्य निवडीत बसलेल्या आईचे छायाचित्र मी भ्रमणध्वनीवर काढले. रात्री सहज चेहरा नितळ करणारी सोय वापरून पाहिली. सुरकुत्या मावळल्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली. मूळ छायाचित्र पुसून बदललेलेच मी जपून ठेवले. पुढील वर्षी आई गेली. भिंतीवर लावण्यासाठी त्याचीच तसबीर करून आणली. मावशी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, अक्काचं गोंदण कुठं गेलं?" हनुवटीवरचा तो हिरवा ठिपका दोघी बहिणींनी एकाच जत्रेत गोंदवून घेतला होता. यंत्राने त्याला डाग ठरविले आणि मी ते निमूटपणे मान्य केले.

छायाचित्रावर हात फिरविणे ही काही आजची गोष्ट नव्हे. निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे व्रण बुजविणे, कृष्णधवल चित्रात हाताने रंग भरणे, हा स्टुडिओंचा जुनाच परिपाठ होता. पण स्टुडिओतला कारागीर समोरच्या माणसाला ओळखत नसे. ओळख हेच हौशी छायाचित्रकाराचे भांडवल. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरन यांना १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने व जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांनी नातलगांची व स्नेह्यांची जी छायाचित्रे काढली, त्यांतील धूसरपणाला आणि काचेवरच्या डागांना समकालीन तज्ज्ञांनी नावे ठेवली. तरीही ते चेहरे आज आपल्याशी बोलतात, कारण ते जवळून पाहिलेले आहेत.

आपल्याकडे उमराव सिंह शेरगिल (१८७०–१९५४) या संस्कृतच्या अभ्यासकाने अनेक दशके स्वतःची, पत्नीची आणि अमृता व इंदिरा या मुलींची छायाचित्रे काढली. इंदिरांचे चित्रकार पुत्र विवान सुंदरम् यांनी २००१-०२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने त्यांची नवी जुळणी केली, निरनिराळ्या काळांतील माणसे एका चौकटीत आणली. हाही बदलच, पण तो बदल म्हणूनच, स्वतःच्या नावाने, उघडपणे समोर आला. आजोबांची मूळ छायाचित्रे आपल्या जागी राहिली.

यावर कोणी म्हणेल, माणसाला सुरेख दिसावेसे वाटले तर त्यात गैर काय? काहीच नाही. ज्याचा चेहरा, त्याचा अधिकार. माझ्या आईने 'सुरकुत्या घालव' असे सांगितले असते, तर तसे करणे हे माझे कर्तव्यच ठरले असते. पण तिने ते सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते. आणि प्रश्न एका घरापुरता नाही. अभ्यागत म्हणून मी ज्या विद्यापीठात सध्या शिकवतो, तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मुले वसतिगृहात राहतात. घरची आठवण झाली की ती छायाचित्रे दाखवितात. मणिपूरची आई, केरळची आई, तेलंगणातली आई, भाषा निराळ्या, पेहराव निराळे, पण त्वचा मात्र सर्वांची एकाच साच्यातली, गुळगुळीत. आपल्या आयांचे चेहरे कसे असावेत, हे कोणी ठरविले?

म्हणून माझे म्हणणे इतकेच. अंधारात बुडालेला चेहरा उजळावा, कललेली चौकट सरळ करावी, नको ती गर्दी कातरावी. हे सारे पहिल्या अर्थाचे काढणेच आहे. चेहऱ्याला हात लावण्यापूर्वी मात्र त्या माणसाला विचारावे, आणि मूळ छायाचित्र कधीही पुसू नये.

ती तसबीर आमच्या भिंतीवर अजून आहे. गावी गेलो की मी मावशीचे छायाचित्र काढतो. तिच्या हनुवटीवरचा ठिपका आता पुष्कळ फिकट झाला आहे. तो नीट दिसावा म्हणून मी तिला उजेडाकडे तोंड करून बसवितो. बाकी काही करीत नाही.