वहीपूजन करता, पण वही कुणाला वाचता येते?

पोस्ट थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

"श्रीमंतांना कसली आलीय अडचण?" असं आपण सहज म्हणून जातो. मी सांगलीत वीस-बावीस वर्षं व्यापाऱ्यांची कराची कामं करतोय. पैसा असणं वेगळं आणि वेळेला तो हाताशी येणं वेगळं, हे मी जवळून बघितलंय.

२०२१, कोरोनाची दुसरी लाट. माझे एक क्लायंट, मोठे अडते. (ओळख पटेल असं काही लिहीत नाही.) पेढी एकट्याच्या मालकीची, सही एकट्याची. ते आयसीयूत गेले, सोबत मोबाईल गेला आणि ओटीपीही. आठव्या दिवशी ते वारले. कुठल्या बँकेत किती खाती, हे वहिनींना माहीत नव्हतं. मुलाच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र कपाटात होतं. तो ते घेऊन बँकेत गेला. पण लिहून देणारा माणूस गेला की कुलमुखत्यारपत्रही संपतं, हे त्याला काउंटरवर उभं राहून कळलं. ठेवींवर नॉमिनी कोण? तर लग्नाआधी लावलेला भाऊ, ज्याच्याशी दहा वर्षं बोलणं बंद!

घरच्यांना खायला काही कमी पडलं नाही. नातेवाईक होते, सोनं होतं. खरे अडकले ते हमाल, दिवाणजी, ड्रायव्हर आणि हळदीच्या पट्टीची वाट बघणारे शेतकरी. म्हणून हा विषय फक्त बंगल्यातल्यांचा नाही.

आता माझी चूक सांगतो. कुठली पॉलिसी, कुठलं कर्ज, कुणाकडे उधारी, मला बरंच माहीत होतं. पण ते माझ्या डोक्यात आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये. एका कागदावर लिहून घरच्यांच्या हातात कधी दिलं नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात मीही पॉझिटिव्ह! मी, वकील आणि विमा एजंट एकाच घराचं काम करत होतो, पण तिघं एकत्र कधी बसलो नव्हतो. स्पष्टच बोलतो, आपल्यावाचून अडलं पाहिजे, ही आम्हा सल्लागारांची जुनी खोड आहे.

आणि संकट म्हणजे फक्त मरण नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. कागद लॉकरमध्ये ठेवले की सुटलो, असं समजू नका. आग, चोरी, कर्मचाऱ्याची फसवणूक यात बँकेवर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत जबाबदारी येते. पुरात, बँकेची हयगय नसेल, तर तीही येत नाही.

दुसरा गैरसमज नॉमिनीचा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत हे पुन्हा स्पष्ट केलं. कुणाला काय मिळावं, हे ठरवायचं तर मृत्युपत्रच लागतं. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत. पण विषय काढला की ऐकायला मिळतं, "अहो, अभद्र कशाला बोलता?"

काहींची भीती वेगळी असते. सगळं सांगितलं तर घरात भांडणं लागतील. मान्य. मग आकडे नका सांगू. काय कुठं आहे आणि कुणाला विचारायचं, एवढं तरी लिहा. दुसऱ्या सहीची सोय करा. पेढी मोठी असेल तर एकट्याच्या नावावर ठेवायची का, याचा विचार करा. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पुराचं पाणी पोचणार नाही अशा दुसऱ्या गावी ठेवा.

यंदा वहीपूजन झालं की पेढे वाटण्याआधी तासभर बसा. बायको, मुलगी, सून, सगळ्यांना बसवा. सीए आणि वकिलालाही बोलवा. आणि एकच प्रश्न विचारा, "उद्या सकाळी मी नसलो, तर शनिवारी हमालांचा पगार कोण करणार?"

उत्तर आलं नाही, तर तयारी नाही. मग तिजोरी कितीही मोठी असू दे.

मी माझ्या क्लायंटच्या याद्या करायला घेतल्यात. सुरुवात माझ्याच घरापासून केली. बायकोनं यादी वाचली आणि म्हणाली, "एवढं सगळं होतं आणि मला आज कळतंय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?