नव्या वर्षाच्या चार तारखा

दिवाळी किंवा उन्हाळ्याची सुट्टी आली की महाराष्ट्रातल्या रक्तपेढ्यांत तुटवड्याची ओरड सुरू होते. महाविद्यालये बंद, कारखान्यांना सुट्टी, माणसे गावी गेलेली. मग शिबिर भरवायचे कुठे? डिसेंबर सरतानाही तीच अडचण येते. उरलेल्या रजा संपवायच्या असतात, गोव्याची तिकिटे हातात असतात. अपघात, अडलेली बाळंतपणे आणि तातडीच्या शस्त्रक्रिया मात्र सुट्टी पाहून येत नाहीत.

थॅलेसेमिया झालेल्या मुलाला तर थांबताच येत नाही. त्याच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही. आजार तीव्र असेल तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि हे वर्षानुवर्षे चालते. तारीख लांबली की मूल मलूल होते, जिना चढताना धापा टाकते, खेळता खेळता बसून घेते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांच्यापैकी अनेकांवरही रक्त मिळवण्याची वेळ पुन्हा पुन्हा येते. अशा घरांत ३१ डिसेंबरची रात्र बाकीच्या रात्रींसारखीच काळजीची असू शकते.

याच दिवसांत धडधाकट माणसांनाही एक वेगळी हुरहुर लागते. वर्ष गेले, हाती काय लागले? मुले परगावी, घर शांत, आणि भ्रमणध्वनीवर दुसऱ्यांच्या सहलींचे फोटो. मग पहाटे उठण्याचे, वजन उतरवण्याचे, रोजनिशी लिहिण्याचे संकल्प होतात. जगण्याला काही हेतू हवा, ही ओढ खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. पण बहुतेक संकल्प स्वतःपाशी सुरू होऊन स्वतःपाशीच थांबतात. ते मोडले तर कोणाचे काही अडत नाही, म्हणून ते सहज मोडतात. ठरलेल्या दिवशी कोणीतरी आपली वाट पाहत आहे, हे कळलेला माणूस मात्र उठून घराबाहेर पडतो.

रक्तदानात ही वाट पाहणे अगदी शब्दशः असते, कारण रक्त हवे तितके दिवस साठवता येत नाही. तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्सचे आयुष्य तर अवघे पाच दिवसांचे. म्हणजे १ जानेवारीला कर्करोगाच्या रुग्णाला लागणारे प्लेटलेट्स नाताळाच्या आधी जमवून ठेवता येत नाहीत. ते सुट्टीच्या दिवसांतच कोणीतरी द्यायला हवेत.

इथे महाराष्ट्रातल्या मंडळांना आणि कार्यकर्त्यांना एक आग्रहाची विनंती करावीशी वाटते. शिवजयंती, आंबेडकर जयंती, नेत्यांचे वाढदिवस या निमित्तांनी इथे शिबिरे भरतात आणि तरुण रांगा लावून रक्त देतात. ही या राज्याची फार मोलाची परंपरा आहे. पण सगळी शिबिरे एकाच आठवड्यात आली की पिशव्यांचा ढीग पडतो, काही मुदतीत वापरल्या न गेल्याने वाया जाण्याची भीती असते, आणि दोन महिन्यांनी तीच रक्तपेढी नातेवाइकांना ‘आधी दाता आणा’ असे सांगते. हजार पिशव्यांच्या विक्रमापेक्षा दर महिन्याच्या पन्नास पिशव्या रुग्णाच्या जास्त कामाच्या.

नव्या वर्षाशी रक्तदानाचे नाते तसे जुने आहे. सुट्ट्यांमुळे हिवाळ्यात रक्त कमी पडते, हे ओळखून अमेरिकेने जानेवारी १९७० हा रक्तदात्यांचा महिना म्हणून जाहीर केला. त्या घोषणेवर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली ३१ डिसेंबर १९६९ रोजी. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. त्यापूर्वी गरजू, अनेकदा आजारी माणसे पोटासाठी रक्त विकत आणि त्यातून रुग्णांपर्यंत संसर्ग पोहोचे. त्या १ जानेवारीपासून या देशातली रक्ताची सारी व्यवस्था नातेवाइकांवर आणि अनोळखी माणसांच्या भलेपणावर उभी आहे. याहून आशादायक गोष्ट नववर्षाच्या दिवशी आठवायला कोणती असेल?

मुंबईला तर या भलेपणाची आणखी एक ओळख आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरात एक दुर्मीळ रक्तगट नोंदवला, तो जगभर ‘बॉम्बे’ नावाने ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो आणि त्याला फक्त त्याच गटाचे रक्त चालते. असा दाता एक फोन आला की कामधाम सोडून निघतो, प्रसंगी दुसऱ्या गावी जातो.

बाकीच्यांना इतके करावे लागत नाही. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोंच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि प्रकृती ठीक असली की पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येते. प्रत्यक्ष रक्त काढायला दहाएक मिनिटे लागतात. पोटात काही असावे, झोप झालेली असावी, दारूचा अंमल नसावा. एवढ्यासाठी कोणी थर्टीफर्स्टची रात्र जरा सांभाळून घालवली तर तेही चांगलेच.

ज्यांना देता येत नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांच्यासाठी आधी स्वतःचे हिमोग्लोबिन वाढवणे हाच नव्या वर्षाचा उत्तम संकल्प. निवृत्त माणसे सोसायटीतल्या दात्यांची गटवार यादी ठेवू शकतात, फोन करू शकतात, दात्याला गाडीवरून नेऊन आणू शकतात.

मराठी घरात दुधाचा खाडा आणि गॅसचा सिलिंडर भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंदवायची सवय आहे. नवे कॅलेंडर टांगताना त्यावर पुरुषांनी चार आणि स्त्रियांनी तीन तारखा लिहाव्यात, त्यातली एक सुट्टीतली असावी. शिबिर भरवणाऱ्यांनी हार आणि फलक सांगण्याआधी जवळच्या रक्तपेढीला फोन करून विचारावे, कोणत्या आठवड्यात रक्त कमी पडते आणि कोणत्या गटाचे. शिबिराची तारीख त्या उत्तरावरून ठरवावी.