एकच पॅकेज, पण कोणतं?
सर्व्हरवरचं एकच पॅकेज अद्ययावत करायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही, हे ऐकायला किरकोळ वाटतं; पण ७ एप्रिल २०१४ रोजी ‘ओपनएसएसएल’ या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधलं ‘हार्टब्लीड’ हे सुरक्षेचं भोक जाहीर झालं तेव्हा त्यातली गोम कळली. डेबियन ७ वर नुसतं ‘ओपनएसएसएल’ हे पॅकेज बदलून भागत नव्हतं. ते बिचारं कमांड चालवण्यापुरतं. खरं भोक होतं ‘लिबएसएसएल’ या वेगळ्या पॅकेजातल्या लायब्ररीत. शिवाय मूळ प्रकल्पाने दुरुस्ती १.०.१जी आवृत्तीत दिली, तर डेबियनने तीच जुन्या १.०.१ईमध्ये बसवली. त्यामुळे नुसता मुख्य आकडा तोच पाहून घाबरणाऱ्यांची पंचाईत. पाहायचं होतं ते डेबियनने आवृत्तीला जोडलेल्या शेपटाकडे. पॅकेज ठरलं, की डेबियनच्या ‘ॲप्ट’ या पॅकेज-साधनाला ‘ओन्ली-अपग्रेड’ सांगितलं की नेमलेलं पॅकेज आणि त्याला लागणारी इतर पॅकेजंच हलतात, नुसतं ‘अपग्रेड’ म्हटलं तर सगळा संसार. त्याआधी ‘सिम्युलेट’ करून यादी वाचावी, आणि काढून टाकायच्या नावांत ओळखीचं काही दिसलं तर एंटर दाबू नये. (ही यादी न वाचताच ‘वाय’ टाइप करणारे हात मी पुष्कळ पाहिलेत.) एवढं करूनही काम अर्धंच होतं. डिस्कवर नवी फाइल आली तरी आधीपासून चालू असलेला अपाची वेबसर्व्हर मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहतो. रीस्टार्ट केल्यावरच तो ती सोडतो. कोणकोणत्या सेवा अशा अडकून बसल्यात, ते ‘नीडरीस्टार्ट’ हे साधन दाखवतं.