विश्लेषण : बंबावरचे जवान बिनपगारी, मग एवढा कर कशासाठी?

अमेरिकेत सर्वाधिक मालमत्ता कर भरणाऱ्या राज्यांत न्यू जर्सीचा क्रमांक वरचा. २०२४ मध्ये तिथे घरामागचा सरासरी कर १० हजार डॉलरच्या पुढे गेला. पिस्कॅटवे, साउथ ब्रन्सविक, फ्रँकलिन या टाऊनशिपमध्ये मराठी घरेही बरीच आहेत. तिथल्या कराच्या बिलावर शाळा, काउंटी, टाऊनशिप यांच्या जोडीला ‘फायर डिस्ट्रिक्ट’ अशी वेगळी ओळ असते. आग विझवायला धावणारे बहुतांश स्वयंसेवक, महिन्याचा पगार न घेणारे. तरी ही रक्कम वाढते कशी, हा करदात्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. राग मात्र अनेकदा चुकीच्या माणसांवर निघतो.

फायर डिस्ट्रिक्ट म्हणजे नेमके काय?

जर्सी सिटी किंवा न्यूअर्कसारख्या शहरांत अग्निशमन दल पालिकेचे, पगारी. फायर डिस्ट्रिक्ट ही वेगळीच चीज आहे. फक्त आगीपासून संरक्षणासाठी असलेली ती स्वतंत्र स्थानिक सत्ता. पाच निवडून आलेले कमिशनर, तीन वर्षांची मुदत, स्वतःचे अंदाजपत्रक, स्वतःचा कर, स्वतःचे कर्ज. महापौराचा तिच्या रोजच्या कारभाराशी संबंध नसतो, त्यामुळे वाढलेल्या बिलाची तक्रार घेऊन टाऊन हॉलवर जाणारा हात हलवत परत येतो. शिवाय एकाच टाऊनशिपमध्ये असे तीन-चार डिस्ट्रिक्टही असू शकतात. राज्यात ५६४ नगरपालिका आहेतच, त्यात ही भर.

पैसा जातो कुठे?

जवान फुकट असला तरी बंब फुकट मिळत नाही. गेल्या दशकाच्या मध्यापर्यंत पाच लाख डॉलरच्या आत मिळणारा साधा बंब आता दहा लाखांच्या घरात गेला आहे. उंच शिडीच्या गाडीला वीस लाख मोजावे लागतात आणि ऑर्डर दिल्यावर काही वर्षे वाट पाहावी लागते, ती वेगळी. छोट्या कंपन्या विकत घेत घेत या बाजाराचा मोठा हिस्सा मोजक्या उत्पादकांनी ताब्यात घेतला. २०२५ मध्ये सिनेटर जॉश हॉली आणि न्यू जर्सीचेच सिनेटर अँडी किम यांनी याची चौकशी सुरू केली. एक रिपब्लिकन, दुसरा डेमोक्रॅट. आजच्या वॉशिंग्टनमध्ये हे दृश्य दुर्मीळच.

बंबाखेरीज विमा, इमारतींची देखभाल, अग्निरोधक पोशाख, श्वसनयंत्रे, प्रशिक्षण, रस्त्यावरच्या पाण्याच्या हायड्रंटचे शुल्क असा खर्च आहे. ‘लोसॅप’ नावाची दीर्घसेवा योजनाही आहे. १९९७ च्या कायद्याने आलेल्या या योजनेत सक्रिय स्वयंसेवकाच्या खात्यात दरवर्षी काही रक्कम जमा होते. मूळ कमाल मर्यादा १,१५० डॉलर, पुढे ती महागाईशी जोडलेली. करदात्यांच्या तक्रारींत हा मुद्दा हटकून येतो. पण रात्री दोन वाजता अंथरुणातून उठून जळत्या घरात शिरणाऱ्याला वर्षाकाठी एवढे मिळाले, तर त्यात डोळ्यांत खुपावे असे काही नाही.

खुपायला हवी ती पुनरावृत्ती. चार-पाच मैलांच्या अंतरात दोन डिस्ट्रिक्टकडे दोन शिडीच्या गाड्या असतील, तर दुसरी कशासाठी, हे विचारलेच पाहिजे. अमेरिकेत २०२० मध्ये अग्निशमन दलांना आलेल्या कॉलपैकी प्रत्यक्ष आगीचे जेमतेम चार टक्के होते. बहुसंख्य कॉल वैद्यकीय मदतीचे. मग सर्वांत महागडी गाडी प्रत्येकाच्या दारात उभी असण्याचा हट्ट गरजेपेक्षा प्रतिष्ठेचा वाटतो. परेडमध्ये ती शोभून दिसते, हे मान्य.

सगळेच पगारी केले तर?

हिशेब सोपा आहे. आठवड्याचे तास १६८. एक माणूस चाळीसेक तास काम करतो. म्हणजे बंबावरची एक जागा अहोरात्र भरायला चार माणसे, चार जागांना सोळा. रजा, आजारपण, निवृत्तिवेतन वेगळे. स्वयंसेवक गेले तर आजचे बिल स्वस्त वाटेल.

आणि ते जाताहेत. १९८४ मध्ये देशात जवळपास नऊ लाख स्वयंसेवक होते; २०२० मध्ये ते ६ लाख ७६ हजारांवर आले. दोघेही नोकरी करणारी कुटुंबे, लांबचे प्रवास, वाढलेले प्रशिक्षणाचे तास. वेळ आणायचा कुठून? १७३६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी फिलाडेल्फियात स्वयंसेवी दल उभारले, तेव्हा शेजाऱ्याकडे बादली आणि सवड दोन्ही होते.

मग निर्णय घेते कोण?

खरी गोम इथे आहे. डिस्ट्रिक्टची पारंपरिक निवडणूक फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी असते. कडाक्याची थंडी, जाहिरात नाही, इतर कोणतीही निवडणूक नाही. मतदानाला येतात ती प्रामुख्याने दलाशी संबंधित माणसे आणि त्यांचे नातेवाईक. लाखो डॉलरचे अंदाजपत्रक काही डझन मतांवर मंजूर होऊ शकते. ते फेटाळले गेले, तर कराची रक्कम ठरवण्याचे काम टाऊनशिपच्या परिषदेकडे जाते.

आता निवडणूक नोव्हेंबरच्या सार्वत्रिक मतदानासोबत घेण्याची मुभा आहे. मतदार वाढतात, वेगळ्या निवडणुकीचा खर्च वाचतो. पण त्यात एक मेख आहे. नोव्हेंबरला गेलेल्या डिस्ट्रिक्टला वार्षिक अंदाजपत्रक मतदानाला टाकावे लागत नाही. करवाढ दोन टक्क्यांची मर्यादा ओलांडणार असेल तरच मतदारांकडे जावे लागते. म्हणजे गर्दी असते तेव्हा प्रश्न विचारला जात नाही आणि प्रश्न विचारला जातो तेव्हा गर्दी नसते. निवडणूक नोव्हेंबरमध्ये आणि अंदाजपत्रकावरचे मतदानही कायम, अशी दुरुस्ती राज्याच्या विधिमंडळाने करायला हवी.

मराठी घरमालकांचे काय?

नागरिकत्व घेतलेल्यांना मत आहे. एच-१बीवर किंवा ग्रीन कार्डाच्या अंतहीन रांगेत असलेला मात्र घर घेतो, कर भरतो आणि मत देऊ शकत नाही. पुण्यात, पिंपरीत मालमत्ता कराच्या बिलावर अग्निशमन कराची ओळ असते, पण त्या ओळीवर मतदान करायची कल्पना आपल्याकडे नाहीच. त्यामुळे हा अधिकार मिळालेली मराठी माणसेही तो वापरायला विसरत असतील, तर नवल नाही.

अंदाजपत्रकावरची सुनावणी आणि कमिशनरांच्या बैठका मात्र सर्वांना खुल्या असतात. तिथे मताची अट नाही. शेजारच्या डिस्ट्रिक्टसोबत शिडीची गाडी वाटून घेता येईल का, राखीव निधीत किती पैसे पडून आहेत, गेल्या वर्षीच्या कॉलपैकी आगीचे किती, हे तिथे विचारता येते. उत्तर देणे कमिशनरांना अवघड जावे, इतके हे प्रश्न साधे आहेत.